मोठ्या मायची वेगळी चूल

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात दुसरा कोणी बी.ए. नव्हता. आमच्या घराण्यात तर मॅट्रिकच्या पुढं कोणी गेलेलंच नव्हतं. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात एकाच पँटवर दोन वर्षं काढली, पण पास झालो.

पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मोहाडीकडच्या एका शाळेत रजेच्या जागेवर सहा महिने, मग घरी. दुसऱ्या शाळेत चार महिने, परत घरी. घरी असलो की गावानं माझ्यासाठी एक काम ठरवून ठेवलं होतं, अर्ज लिहिण्याचं. सकाळी तोंड धुऊन होत नसे की सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, दोनतीन माणसं येऊन बसलेली असत. कोणाच्या रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असायचं. कोणी रोजगार हमीच्या तळ्यावर पंधरा दिवस माती उपसलेली, पण हजेरीपटात नावच नाही. "बापू, तुम्हीच लिवा, तुमचं अक्षर साहेबाले समजते." मी लिहायचो. पैसे कधी घेतले नाहीत. एखादी बाई जाताना पदरातल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा ओट्यावर ठेवून जायची, तेवढं राहू द्यायचो.

लिहिण्यानं माणूस दमत नाही. दमतो तो नंतरच्या हेलपाट्यांनी. साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर, कागद भंडाऱ्याला गेला, कागद भंडाऱ्याहून आलाच नाही. माणसं मजुरी बुडवून मोहाडीला जायची आणि संध्याकाळी कचेरीवर रागवायच्या ऐवजी माझ्याकडं यायची. "बापू, तुमच्या अर्जाचं काय झालं?" लिहिला म्हणून तो अर्ज माझाच होऊन जायचा.

ऐंशीनंतर निराधार योजना आली. म्हातारी, विधवा, अपंग माणसं, ज्यांना सांभाळणारं कोणी नाही, त्यांना सरकार दर महिन्याला मनिऑर्डर करणार. चांगली योजना होती, अजूनही म्हणतो. अर्जाबरोबर पाच पंचांच्या सह्या लागायच्या, पटवाऱ्याचा अहवाल लागायचा, मग समिती बसायची. तहसीलमधल्या बाबूनं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मजकुरात 'अर्जदारास पाहणारे कोणी नाही' हे आलंच पाहिजे. ते नसलं तर कागद पुढं सरकत नाही." म्हणून मी ते प्रत्येक अर्जात घालायचो. जिचा मुलगा नागपूरला रिक्षा ओढायला गेला आणि तीन वर्षांत परतला नाही, तिच्याही. जिचा मुलगा तीन घरं सोडून राहायचा, दारू पिऊन आईला मारायचा, तिच्याही. पाहणारं दोघींनाही कोणी नव्हतं.

मग एक दिवस मोठी माय माझ्यासमोर येऊन बसली.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. मोठ्या मायला मूल नव्हतं, नवराही लवकर गेला. तिनं मला वाढवलं. तिच्या नवऱ्याच्या वाट्याच्या दोन धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, माझ्या कॉलेजसाठी विकल्या. तिला कोणी विचारलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. बापही गेल्यावर घरात ती, मी, माझी बायको आणि आमची दोन लेकरं. जमीन उरली ती बोडीच्या काठची एक बांधी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं.

ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "साऱ्या गावच्या बुढ्यायचे कागद लिहून राहिला तू. माह्यं काहून नाही लिहत?"

"तुले कायले पाहिजे? तुले मी आहो ना."

"तू आहेस. मी कोठं नाही म्हणते?"

"लोक काय म्हणतीन? बी.ए. शिकला आणि याची मोठी माय निराधार."

"लोक काही म्हणत नाहीत. बजारात गेली आणि दोन पानं घ्यायची म्हटली तं तुह्या बायकोले मांगा लागते. देते ते, नाही म्हणत नाही. पण मांगा लागते ना."

बायको आतून ऐकत होती. दारात येऊन म्हणाली, "माय, मी कधी विचारलं का तुमाले, पैसे कायले पायजेत म्हून?"

"नाही विचारलं, पोरी. म्हणूनच मांगाची जास्त लाज वाटते."

मी दोन आठवडे टाळलं. ती रोज आठवण करून द्यायची, रागानं नाही, पानात भात वाढावा इतकी सहज. शेवटी लिहिला. ते 'पाहणारे कोणी नाही' लिहिताना मला काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. इतक्यांदा लिहिलेलं होतं की हात आपोआप गेला.

वाटलं ते पंचांकडं गेल्यावर.

पंच म्हणजे गावातलीच पाच जुनी माणसं. माझ्या कोणत्याही अर्जावर न वाचता सही करायची. त्या दिवशी किराणा दुकानाच्या ओट्यावर बसली होती. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्यानं नाव पाहिलं आणि कागद मला परत दिला.

"दुसऱ्या कोणाचा आण बापू, डोळे मिटून करतो. याच्यावर नाही."

"काहून?"

"यात काय लिवलं हाय? बाईले पाहणारं कोणी नाही. मंग तू कोण व्हय? मेला का तू?"

दुसरा म्हणाला, "उद्या भंडाऱ्याचा साहेब विचारीन, या गावात एकच पोरगा शिकला, तोही आपल्या बुढीले पाहत नाही का? आमी काय सांगावं? गावाची इज्जत जाते ना भाऊ."

"त्या दारुड्याच्या मायच्या कागदावर सही केली तुम्ही. तो तर तीन घरं सोडून राहते."

"तो दारुड्या हाय. त्याच्यावर लिवलं तं कोणाले काय वाईट वाटते? तू बी.ए. हायेस."

हा असा मान. पाच माणसं माझा मान राखत होती आणि त्यापायी मोठ्या मायचा कागद अडला होता. मला चीड आली. आत कुठं तरी बरंही वाटलं, तेही सांगून टाकतो.

कोतवाल बाजूला विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "येवढं कायले डोकं फोडता? चूल वेगळी करून द्या बुढीची. चूल वेगळी तं माणूस वेगळा. मंग पंचाले खोटं लिवा लागत नाही."

बाहेरच्या माणसाला हे कळायला जड जाईल, पण आमच्याकडं घर चुलीवर मोजतात. एका छपराखाली तीन भाऊ राहोत, तीन चुली असल्या तर तीन घरं. लग्नाच्या अक्षता तीन ठिकाणी जातात, वर्गणी तीन ठिकाणांहून येते. पंचांचे चेहरे लगेच मोकळे झाले. "हे बरं हाय," म्हातारा म्हणाला. "आमी लिवून देतो का बाईची चूल वेगळी हाय, आपल्या हातानं रांधून खाते. त्यात तुह्यी बदनामी नाही आणि आमचं खोटं नाही." मी तिथंच मजकूर बदलला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या मनात तीन दगड मांडायचे होते. पटवारी येईल, पाहील, जाईल, दगड बाहेर फेकून देऊ. मोठ्या मायनं दुसऱ्या दिवशी बोडीतून चिकणमाती आणली. तिच्यात धानाचा कोंडा कालवला, पायानं तुडवली आणि मागच्या पडवीत नीट चूल घातली, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैलसुद्धा. आठ दिवस वाळवली, शेणानं सारवली. बायको म्हणाली, "दोन दिवसाच्या कामाले येवढी मोठी चूल कायले, माय?"

"चूल चुलीसारखी पायजे," ती म्हणाली.

पटवारी आला. वाकून पाहिलं आणि हसला. "कोरी चूल दाखवता का मले? राख कोठं हाय? काजळी कोठं हाय? महिनाभरानं येतो."

म्हणून मोठी माय त्या चुलीवर रांधायला लागली. भाताला एक लहान गंज, म्हणजे पातेलं, घेतला आणि एक कढई. आम्ही आत जेवायचो, ती मागं. लेकरांना गंमत वाटायची, ती दोन्हीकडं जेवायची. मी म्हणायचो, थोड्या दिवसांचं आहे.

पटवारी परत आला तेव्हा भिंत काळी झाली होती. मोठ्या मायनं विचारलं, "चहा ठेवू का साहेब?"

"नको बाई. चहा घेतला तं मले लिवा लागीन, घरात साखर हाय म्हून."

"गुळाचा ठेवते."

"गुळ बी लिवा लागते," तो म्हणाला आणि दोघंही हसली. मग त्यानं विचारलं, "रांधते कोण?"

"मी."

"हा शिकलेला कोण व्हय तुमचा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "पुतण्या. समोर राहते." समोर म्हणजे भिंतीच्या पलीकडं. पटवाऱ्यानं लिहून घेतलं.

मग मोहाडीला बोलावणं आलं. आठवडी बाजाराचा दिवस होता, कचेरीच्या पडवीत चाळीसेक म्हातारी माणसं बसलेली. बाबू प्रत्येकाचा मजकूर गडगड वाचायचा आणि अंगठा घ्यायचा. मोठ्या मायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "जरा सावकाश वाचा, बाप्पा. मले समजू द्या." मागची माणसं वैतागली. बाबूही वैतागला, पण त्यानं सावकाश वाचलं. सदर बाईची चूल वेगळी आहे, ती स्वतःच्या हाताने रांधून खाते, तिला पाहणारे कोणी नाही, वरील मजकूर खरा आहे. ते 'कोणी नाही' मी काढलं होतं, पण बाबूनं परत घातलं होतं. तिनं ऐकलं, अंगठा दिला, शाई केसांना पुसली. एस.टी.त तिनं विचारलं, "खरा हाय म्हणजे आपण शपथ घेतली ना?" मी म्हणालो, तसंच काहीसं.

मंजुरीला पाच महिने लागले. तेवढे दिवस चूल चालू राहू दे, असं मीच म्हणालो. समितीचा कोणी येऊन पाहील तर उगाच घोळ. मग पहिली मनिऑर्डर आली. पोस्टमननं तिचं नाव मोठ्यानं पुकारलं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. ती आतून डोक्यावर पदर घेत आली, जशी काही लग्नाला निघाली होती.

त्याच संध्याकाळी मी म्हणालो, "आता तुहा गंज आत घे. झालं काम."

"कसं झालं?"

"पैसे सुरू झाले. आता कोण पाहायला येते?"

"कोणी पाहाले येते म्हणून रांधतो का आपण? आंगठा देला ना मी. चूल वेगळी हाय म्हून पैसे येतात. चूल एक केली तं ते पैसे चोरीचे."

"मोठी माय, सगळे असंच करतात. कागदापुरतं असते ते."

"कागद तूच लिवला ना? मंग कागदापुरतं म्हून तवाच सांगाचं होतं."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. कायदा सांगितला, सरकारला काही फरक पडत नाही हे सांगितलं. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि उठून चुलीला फुंकर मारायची.

बायकोनं दुसरा रस्ता काढला. ती लेकराच्या हातून वाटीभर लाखोळीची डाळ मागं पाठवायची. मोठी माय डाळ घ्यायची, नाही म्हणायची नाही. वाटी मात्र परत यायची ती भरून. कधी मूठभर चिंच, कधी चार वांगी, काहीच नसलं तर थोडे तांदूळ. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, ही आमच्याकडची रीत. घरातल्या घरात वाटी अशी परत येत नाही. पहिल्या दिवशी बायकोनं ती वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. "शेजारी केलं मायनं आपल्याले," एवढंच म्हणाली.

गावानंही मान्य करून टाकलं. किराणावाल्याच्या ओट्यावरून पंच मला म्हणायचे, "नाटक लय खरं करून राहिले बापू तुमी." पुढं थट्टाही थांबली. कोणाच्या लग्नाच्या अक्षता आल्या तर एक आमच्या दारात, एक मागं. वर्गणी मागायला आलेली पोरं पुढून पावती फाडून मागं जायची आणि ती देतही असे. मी कुठं शाळेत असलो नसलो, तिच्या चुलीचा धूर वेळेवर निघायचा. थंडीत तिला खोकला झाला तेव्हा बायकोनं आत निजायला आणलं. निजली आत, पेज मात्र उठून स्वतः केली.

त्या खोकल्यानंतर मी मोहाडीला गेलो. म्हटलं, मूळच काढून टाकावं, पैसेच बंद करावेत. बाबू ओळखीचा झालेला. मी अर्ज पुढं केला, त्यानं वाचला, शेजारच्या टेबलावर दाखवला, दोघं हसले.

"मास्तर, चालू करायचे अर्ज आणता ते ठीक हाय. हे बंद करायचा अर्ज कोणी देते का? ते माणूस मेल्यावर बंद होते. जित्त्या माणसाचं बंद करायचा नमुनाच नाही आमच्याकडे."

"मी तिला सांभाळतो, असं लिहून देतो ना."

"आधी लिहून देलं सांभाळणारं कोणी नाही. आता म्हणता मी हाय. मी साहेबाले काय सांगू, मधल्या काळात पैदा झाले तुमी?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी अर्ज घेऊन परत आलो. पण ही गोष्ट कोतवालाच्या कानावर गेली, आणि कोतवालाच्या कानावर गेलं म्हणजे गावात गेलं.

मोठी माय माझ्यावर कधी रागावली नव्हती. लहानपणीसुद्धा मारलं नाही. त्या दिवशी मागच्या पडवीतून पुढं आली आणि माझ्यासमोर बसलीच नाही, उभ्यानं बोलली.

"माह्या नावाचा कागद बंद कराले गेला तू?"

"तुह्यासाठीच गेलो होतो. म्हातारपणी धुरात बसतेस..."

"जमीन तुह्या बापाच्या नावानं होती. मंग तुह्या नावानं झाली. घर तुह्या नावानं. रेशनच्या कार्डावर तुह्या बायकोच्या खाली माह्यं नाव. साऱ्या जिनगानीत माह्या नावानं एक कागद आला. तो बी तू मले न विचारता बंद कराले गेला."

दोन बांध्यांचं तिनं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं.

तोवर मी समजत होतो की ती अंगठ्याची शपथ पाळते आहे, साधी बाई आहे, कागदाला घाबरते. शपथही होतीच. पण तिला ती चूल हवी होती. नवऱ्याच्या आईच्या चुलीवर, मग माझ्या बापासाठी, मग माझ्यासाठी, मग माझ्या बायकोच्या हाताखाली, अशी चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुलीवर रांधत आली होती. हे माझ्या ध्यानात यायला मला बी.ए. व्हावं लागलं नाही, तिचे चार शब्द ऐकावे लागले. तरी मला वाईटच वाटलं. अजूनही वाटतं. समजलं म्हणजे वाईट वाटायचं थांबतं, असं काही नसतं.

पुढच्या वर्षी मला पवनी तालुक्यात कोंढ्याला कायम नोकरी लागली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि आनंद करायचं त्राण उरलं नव्हतं. मी मोठ्या मायला म्हणालो, चल. तिनं पहिल्यांदा विचारलं, "मनिऑर्डर तिकडं येईन का?"

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही. तालुका बदलला की नवा अर्ज, नवे पंच, नवा पटवारी. आणि तिथं मास्तरच्या घरात राहणाऱ्या म्हातारीला निराधार कोण लिहून देईल? इथले पंच मला लहानपणापासून ओळखत होते म्हणून तोड निघाली.

"मंग तुमी जा," ती म्हणाली. "सुट्टीत येत जा. पुढची खोली मी सारवून ठेवीन."

बायको रडली, लेकरं रडली. माझ्या रडण्याला अर्थ नव्हता, कागद माझ्या अक्षरातला होता.

आम्ही निघालो त्या सकाळी पोस्टमन आला होता. आम्ही ट्रंका, भांडी, तांदळाचं पोतं घेऊन फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. मोठी माय मागून आली, दुकानाकडून. लेकरांच्या हातात एकेक बिस्किटाचा पुडा दिला. म्हणाली, "हे तुमच्या बापाच्या पैशाचं नाही बरं." बायकोला बांगड्यांचा जोड दिला. मग कागदाची एक पुडी माझ्यापुढं धरली.

"मले कायले?"

"घे ना. मास्तर झाला तं खात नाही का?"

खारे फुटाणे होते. मी उभ्यानं खाल्ले. तिनं लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोला सांगितलं की तिकडच्या पाण्यानं केस गळतात म्हणतात, तेल लावत जा. एस.टी. यायला अजून वेळ होता. मी म्हणालो, थांब ना थोडी. पण ती निघाली. चुलीवर भात ठेवून आली होती.